जोडीचा बोल्ट

आबांच्या एका सवयीनं आमचं घर जन्मभर जेरीस आलेलं आहे. कुठलीही वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की ती तपासून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दुधाची पिशवी आली की ते तारीख वाचतात. गॅसची टाकी आली की सील बघतात, वजन करायला लावतात आणि टाकीवाला जिना उतरून गेला की त्याला परत वर बोलावतात. माझ्या लग्नात भंतेजी गाथा म्हणत होते तेव्हा नवरीचे वडील मांडवाच्या मागं उभे राहून भाड्याच्या खुर्च्या मोजत होते. दोन कमी निघाल्या, हे त्यांनी मला पाठवणीच्या वेळी सांगितलं.

मी त्यांच्या अगदी उलट. मला कायम घाई असते. कशाची ते मलाही नीट सांगता येणार नाही. पंचायत समितीत मी लिपिक आहे आणि दिवसाला शंभर कागदांवर सही मारते. त्यातला प्रत्येक कागद वाचत बसले तर कचेरीला कुलूप लावायला कोणी उरणार नाही. आबा म्हणायचे, “बाई, सही म्हंजे तू बघितलंस, असं लिहून देनं हाय.” मी म्हणायची, हो आबा, आणि पुढचा कागद ओढायची.

आबा म्हणजे पिराजी सोनकांबळे, महार रेजिमेंटचे निवृत्त हवालदार. फौजेतून आल्यावर त्यांनी एक रायफल घेतली. माजी सैनिकाकडं स्वतःचं परवान्याचं हत्यार असलं की तेव्हा बँकेच्या दारात गनमॅनची नोकरी पटकन मिळायची. ही रायफल फौजेनं निकालात काढलेल्या मालातली. मूळची थ्री नॉट थ्री. ते बोअर, म्हणजे नळीचं ते माप, साध्या माणसाला ठेवता येत नाही, म्हणून कुणा कारागिरानं नळी बदलून तिची थ्री फिफ्टीन केलेली. बाकी लाकूड, बॉडी, गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा बोल्ट, सगळं जुनंच. सतरा वर्षं आबा ती खांद्याला लावून बँकेच्या दारात उभे राहिले आणि सतरा वर्षांत त्यांनी एकही गोळी झाडली नाही. गल्लीतली पोरं तिला आबांची काठी म्हणायची. आबांना राग येत नसे. काठी उगारावी लागली नाही यातच काठीची किंमत आहे, असं ते म्हणत.

आई गेल्यापासून आबा माझ्याकडंच असतात. दीड वर्षापूर्वी त्यांना लकवा झाला, उजवा हात आणि पाय गेला. पाय परत आला, हात अर्धाच आला. या वर्षी मार्चअखेर परवान्याची मुदत संपणार होती आणि नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरनं आबांच्या हातात पेन दिलं, हात बघितला आणि पेन परत घेतलं. म्हणजे एकतर मार्चच्या आत रायफल परवाना असलेल्या माणसाला विकायची, नाहीतर पोलीस ठाण्यात जमा करायची. जमा केलेलं हत्यार कुणी सोडवून नेलं नाही तर ते मुख्यालयात जातं, तिथं त्याचे तुकडे करून भट्टीत घालतात. आबांना पैशाची गरज नव्हती, पेन्शन होतं. त्यांचं एकच म्हणणं होतं.

“भट्टीत जायला नको, बाई. कुनाच्या बी हातात जाऊ दे, पन जानत्या मानसानं भाव करून न्यावी.”

फेब्रुवारीत आम्ही ती लातूरला घेऊन गेलो. ठाण्याला कळवलं, परवाना आणि कागद पिशवीत घातले, रायफल तिच्या हिरव्या कापडी खोळीत, आणि अहमदपूरला गाडी बदलून एसटीनं. आम्हां दोघांचं अर्धं अर्धं तिकीट. खोळीकडं बघून कंडक्टर काही बोलला नाही, पण आमच्या शेजारच्या बाकावर लातूरपर्यंत कुणी बसलं नाही.

गुरुबसप्पांचं बंदुकीचं दुकान गंजगोलाईच्या मागच्या बोळात आहे. आजोबांपासूनचं, निजामाच्या वेळचं. आता त्यात दोन छऱ्याच्या बंदुका, काडतुसांची एक लोखंडी पेटी आणि एक घरघरणारा पंखा एवढंच दिसतं. गुरुबसप्पा ऐंशीच्या घरातले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चष्म्यावर आणखी एक भिंग. त्यांनी आधी आबांना बसवलं, पाणी दिलं, तब्येतीचं विचारलं आणि मग खोळीकडं बोट केलं. आबांनी डाव्या हातानं बोल्ट मागं ओढून रिकामी असल्याचं दाखवलं. गुरुबसप्पांनी मान हलवली. त्या एका मान हलवण्यानं आबांचा चेहरा असा उजळला की मला रजा टाकून आल्याचं बरं वाटलं. घरात इतकी वर्षं त्यांची भाषा बोलणारं कुणी नव्हतंच.

पुढचा तासभर मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दोन म्हाताऱ्यांचा खेळ बघितला. गुरुबसप्पांनी बोल्ट काढून फडक्यावर ठेवला. नळीच्या मागच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा कपटा धरला आणि पुढून डोळा लावून, दाराच्या उजेडाकडं तोंड करून बराच वेळ बघत राहिले. नळीत खड्डे नाहीत म्हणाले. किती गोळ्या झाल्या असतील, असं त्यांनी विचारलं तर आबांनी सांगितलं, माझ्या हातून एकही नाही. मग त्यांनी लाकडावर नखानं टिचक्या मारल्या, कान लावून ऐकलं, वास घेतला. तेल कुठलं लावता? जवसाचं, आबा म्हणाले, वर्षाला दोन वेळा, पावसाच्या आधी आणि पावसानंतर. गुरुबसप्पांनी परत मान हलवली. लोखंडावरचे बारीक ठसे भिंगातून वाचताना ते स्वतःशीच कानडीत काहीतरी पुटपुटत होते. कारखाना इच्छापूरचा, साल चव्वेचाळीस. लोक विकायच्या आधी पॉलिश मारून ठसे घासून टाकतात आणि मग भाव मागतात, असं म्हणून ते जरा चिडलेसुद्धा. आबांनी कधी सँडपेपर लावला नव्हता. ते मांडीवर हात ठेवून, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे बसले होते.

“जोडीची असली तर सत्तर हजार,” गुरुबसप्पा म्हणाले. “दुसऱ्या कुणाला पन्नासच्या वर बोललो नसतो. गिऱ्हाईक पण आहे माझ्याकडं.”

गिऱ्हाईक होता इस्लापूरकडचा मल्लेश नावाचा शेतकरी. जंगलाला लागून रान, रानडुकरांनी हरभरा उकरून टाकलेला, पीक संरक्षणाचा परवाना मंजूर झालेला, पण नव्या रायफलीची ऐपत नाही. आबांनी त्याची सगळी चौकशी केली. रान किती, पोरं किती, दारू पितो का. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, “सतरा वर्सं दारात हुबी व्हती. आता तरी आवाज करंल.”

सौदा ठरल्यात जमा होता. राहिले होते नंबर; बॉडीचा आणि बोल्टचा नंबर एकच निघाला की रायफल जोडीची. गुरुबसप्पांनी वही उघडली, भिंग पुसलं आणि बॉडीवरचा नंबर वाचायला घेतला. आबांनी तो त्यांच्या आधी म्हणून टाकला, फौजेत म्हणतात तसा, एकेक आकडा तोडून. चार-सात-एक-तीन. गुरुबसप्पा हसले आणि लिहून घेतलं. मग त्यांनी फडक्यावरचा बोल्ट उचलला, दांड्याची मागची बाजू उजेडाकडं केली आणि थांबले. अंगठ्यानं तेल पुसलं. परत बघितलं.

“नऊ-दोन-शून्य-सहा,” ते म्हणाले.

आबा म्हणाले, परत बघा. त्यांनी परत बघितलं. आबांनी बोल्ट स्वतःच्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांच्या डोळ्यांना तो बारीक नंबर दिसणं शक्य नव्हतं. मग अंगठा फिरवून चाचपत राहिले.

“हे हुनार न्हाई,” ते शेवटी म्हणाले. “इलेक्शनला ठान्यात जमा व्हती. घरला आनताना माझ्या पोरीनं नंबर बघून घेतलाय.”

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो, बघितला म्हणून.

आता खरं काय झालं ते सांगते. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला लावतात, निकालानंतर परत देतात. ठाण्यात एवढी हत्यारं उभी करायची म्हणजे जोखीम, म्हणून आमच्याकडचे पोलीस रायफलीचे बोल्ट काढून घेतात, प्रत्येकाला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतात आणि सगळे एका गोणीत वेगळे ठेवतात. परत देताना चिठ्ठी बघून बोल्ट बसवून देतात. दोरा सुटला, चिठ्ठी भिजली, तर अंदाजानं. आबांना ही पद्धत ठाऊक होती. म्हणून दर निवडणुकीनंतर ते ठाण्याच्या दारातच बोल्ट काढून नंबर बघायचे. जमादार वैतागायचा, मागची रांग कुरकुरायची, आबांना फरक पडायचा नाही. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून ते मला सोबत न्यायचे, कारण माझे डोळे तेज. “वाच बाई,” म्हणायचे, आणि मी ठाण्याच्या पायरीवर उभी राहून मोठ्यानं वाचायची, चार सात एक तीन. आमच्या घरात पाढ्यांच्या आधी मला तो नंबर पाठ होता.

मागच्या विधानसभेला त्यांनी रायफल जमा केली आणि आठ दिवसांत त्यांना लकवा झाला. नांदेडच्या दवाखान्यात सतरा दिवस काढले. घरी आणायच्या दिवशी भाड्याची जीप केली होती. तालुक्यात शिरताना आबा वाकड्या तोंडानं म्हणाले, ठाण्यावरून घे. मी म्हटलं, नंतर बघू. ते ऐकेनात. जीपवाला तासाचे पैसे सांगत होता, माझे सतरा दिवस खुर्चीत बसून गेले होते, अंग आंबलं होतं. मी आत गेले. रजिस्टरवर सही केली. जमादारानं बोल्ट बसवून रायफल माझ्या हातात दिली. नियमानं द्यायला नको होती, परवाना आबांच्या नावचा, पण बाहेर जीपमध्ये आबा बसलेले दिसत होते आणि त्याला दया आली. मी खोळ सीटवर टाकली. आबांनी विचारलं, “नंबर बघितला का?”

मी म्हणाले, “बघितला.”

एवढंच. एक मिनिटाचं काम होतं.

त्यानंतर रायफल कपाटात पडून राहिली. आबांचा हात चालत नव्हता, नजर उतरली होती. तेल मी लावायची, वरवरून, टीव्ही बघत.

गुरुबसप्पांनी वही मिटली नाही, पण पेन खाली ठेवलं. त्यांनी आबांना शांतपणे समजावलं, आबांना न समजण्यासारखं त्यात काही नव्हतंच, ते खरं तर मला समजावत होते. बोल्ट त्याच्या त्याच्या बॉडीला बसवलेला असतो. परका बोल्ट बसतो, बंद होतो, काही जाणवत नाही. गोळी झाडली की मात्र मागं तोंडावर यायची भीती. मल्लेशला अशी द्यायची नाही. शिवाय बोल्ट म्हणजे हत्याराचा मुख्य भाग, दुसऱ्याच्या परवान्यावरचा बोल्ट आपल्या घरात सापडणं हा गुन्हा आहे. घ्यायची म्हटलं तरी त्यांच्या वहीत दोन नंबर चालत नाहीत.

“आणि आहे अशी हिची किंमत?” मी विचारलं.

“आहे अशी हिला किंमत नाही, बाई. लोखंडाच्या भावात पण मला घेता येत नाही.” मग आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, “ठाण्यात जावा, हवालदारसाहेब. नऊ-दोन-शून्य-सहा कुणाची ते बघा. तुमचा बोल्ट त्याच्याकडं असणार. अदलाबदल करून, त्यांचा शिक्का घेऊन या. मी मल्लेशला थांबवतो.”

परतीच्या गाडीत मी तीन वेळा बोलायला तोंड उघडलं. चाकूरच्या पुढं आबांनीच सुरुवात केली. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “तू बॉडीचाच नंबर बघितला असशील. बोल्टवर बी नंबर असतो, हे तुला कुठं ठावं असनार?”

मला ठावं होतं. ते त्यांनाच मी पायरीवर उभी राहून वाचून दाखवलं होतं, एकदा नाही, दर निवडणुकीला. लकव्यानं त्यांची आठवण गेली होती की काय, ते मला कळेना. मी म्हणाले, हो आबा, बॉडीचाच बघितला. त्यांनी मान हलवली आणि अहमदपूर येईपर्यंत डोळे मिटून घेतले. मी इतकी भित्री आहे हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ज लिहायला आबांना दोन दिवस लागले. मी टाइप करून देते म्हटलं तर नको म्हणाले, अर्ज स्वतःच्या हातचा पाहिजे. उजवा हात धड नाही म्हणून डाव्या हातानं, रेघी कागदावर, एकेक अक्षर कोरून. चुकलं की कागद फाडून नव्यानं. त्या दोन दिवसांत मल्लेशचा फोन आला. गुरुबसप्पांनी नंबर दिला होता. डुकरं रोज येत आहेत, काम कधी होईल, असं तो विचारत होता. आबा त्याच्याशी अर्धा तास बोलले. जवसाचं तेल कसं लावायचं, पावसात खोळीत ओली ठेवायची नाही, घरात पोरं असली तर बोल्ट वेगळा ठेवायचा. फोन ठेवून म्हणाले, “मानूस बरा हाय. सगळं लिहून घेत व्हता.”

सोमवारी मी दुपारनंतरची रजा टाकली आणि आम्ही रायफल घेऊन ठाण्यात गेलो. जमादार नवा होता, आधीच्याची बदली झालेली. माणूस चांगला निघाला, हे मुद्दाम सांगते, नाहीतर सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडून मी मोकळी झाले असते. त्यानं आबांना काका म्हणून खुर्ची दिली, अर्ज पूर्ण वाचला आणि कपाटातून दोन रजिस्टरं काढून नऊ-दोन-शून्य-सहा शोधायला बसला. सापडायला वेळ लागला नाही. शरणप्पा नावाचे एक शेतकरी, इथून बारा कोसांवरच्या गावचे. तशीच जुनी रायफल, तशीच नळी बदलून घेतलेली. आबा खुर्चीत पुढं सरकले.

शरणप्पा निवडणुकीनंतर दोन महिन्यांत वारले होते. मुलांना रायफल नको होती. त्यांनी ती जमा केली आणि मागच्या पावसाळ्यात ती इतर हत्यारांबरोबर मुख्यालयात गेली. जमादारानं नोंदीवर बोट ठेवून वाचून दाखवलं: रायफल एक, बोल्टसह, नष्ट.

आबांना एकदम कळलं नाही. मला कळलं. शरणप्पांच्या रायफलीला आबांचा बोल्ट होता. तो वितळून झाला होता, नऊ-दोन-शून्य-सहाच्या नावावर.

“म्हंजे माझा बोल्ट गेला,” आबा म्हणाले.

“गेला, काका.”

“आन् हा?”

जमादारानं समोरच्या बोल्टकडं बघितलं. “कागदावर हा नष्ट झालाय. ह्याचं काय करावं ते मलाबी कळंना झालंय.”

आबा म्हणाले, मग तेवढंच लिहून द्या. ठाण्यात अदलाबदल झाली, चूक ठाण्याची, एवढा कागद मिळाला की लातूरचा दुकानदार दुसरा बोल्ट बसवून घेण्याची परवानगी काढील. जमादार म्हणाला, लिहितो की. अर्ज घेतो, आवक नंबर देतो, चौकशी लागेल. तो खरंच द्यायला तयार होता. आणि मग तो जरा घुटमळला, उठला, तिसरं रजिस्टर घेऊन आला, आणि आबांपुढं नाही, माझ्यापुढं उघडून ठेवलं.

“मॅडम, चौकशीत पयला कागद हा निघंल.”

वर छापील ओळ होती. वरील शस्त्र व त्याचे सर्व भाग क्रमांक पडताळून ताब्यात मिळाले. खाली माझी सही. सहीखाली कचेरीच्या सवयीनं मी पदनामसुद्धा लिहिलं होतं.

आबांनी हात पुढं करून रजिस्टर आपल्याकडं ओढलं. चष्मा पुसला, घातला आणि ती ओळ वाचली. किती वेळ वाचत होते. एका ओळीला तेवढा वेळ लागत नाही. मग सहीवर अंगठा ठेवला, बोल्टवर ठेवला होता तसा. मी तिथंच सांगून टाकणार होते, आबा, मी बघितला नव्हता, मी काहीच बघितलं नव्हतं. तेवढ्यात त्यांचा उजवा हात माझ्या मनगटावर आला आणि त्यांनी तो तिथं ठेवला, जड, गप्प.

“ह्यात पोरीवर काय येतंय?” त्यांनी जमादाराला विचारलं.

त्यानं भीती घालायला सांगितलं नाही, जे होतं ते सांगितलं. परवाना नसताना हत्यार ताब्यात घेतलं. पडताळल्याचं लेखी दिलं. परका भाग दीड वर्ष घरात. आधीच्या जमादारालाही लागेल, पण तो खात्यातला माणूस, निस्तरून घेईल. मॅडम सरकारी नोकर. जबाब होईल, कचेरीला पत्र जाईल, चौकशी संपेपर्यंत निलंबनसुद्धा होऊ शकतं. चौकशी किती दिवस चालेल हे त्याला सांगता येत नव्हतं. “आन् एवढं करून रायफल सुटंलच असं न्हाई, काका,” तो म्हणाला. “तीबी मुद्देमाल म्हणून अडकून पडंल.”

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी मोटारसायकलची चावी हरवल्याची तक्रार देत होतं. आबांनी टेबलावरचा अर्ज उचलला. दोन दिवसांचं काम होतं ते. त्याची घडी केली, घडीची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“जमा करून घ्या,” ते म्हणाले. “मुदत संपायलीच हाय.”

मी म्हटलं, आबा, थांबा, आपण वकिलाला विचारू, मी सांगते साहेबांना काय झालं ते. माझा आवाज मलाच लहान पोरीचा वाटला. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. जमादारानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून जमा-पावतीचं पुस्तक काढलं. त्याला जे समजायचं ते समजलं होतं.

त्यानं नाव, गाव, परवाना क्रमांक लिहून घेतला. बॉडीचा नंबर बघितला आणि लिहिला. मग पेन थांबवून, वर न बघता विचारलं, “बोल्ट?”

आबा खुर्चीत सरळ झाले. जन्मात एकदा खोटं बोलायची वेळ आलेला माणूस ते बोलायला किती सरळ बसतो.

“चार-सात-एक-तीन,” ते म्हणाले. “पोरीनं बघितलाय.”

जमादारानं लिहिलं. पावतीत शेवटचा रकाना अंदाजे किमतीचा होता. बहुतेक लोक तो कोरा सोडतात, असं तो म्हणाला. आबांनी कोरा सोडू दिला नाही. लातूरच्या जाणत्या माणसानं भाव केलाय म्हणाले, सत्तर हजार, जोडीची आहे म्हणून. त्यानं तेही लिहिलं. मग त्यानं बोल्ट काढला, पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधली आणि कोपऱ्यातल्या गोणीत टाकला. आत आणखी बरेच असावेत, आवाज आला. दोऱ्याची गाठ सैल होती, ते मला बसल्या जागेवरून दिसलं. आबांनाही दिसलं असणार. एरवी त्यांनी ती तीनदा सोडून बांधायला लावली असती. ते उठले आणि काठी शोधू लागले, खरोखरची.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्यांना दम लागला. मी त्यांना खालच्या पायरीवर बसवलं. लहानपणी मी उभी राहायची तीच पायरी, फरशी तेवढी नवी. आता मल्लेशला कोण सांगणार, असं मी विचारलं. मीच सांगतो म्हणाले. मग मी म्हटलं, आबा, त्या दिवशी मी... आणि पुढं बोलता येईना, रडू आलं. कचेरीतली दोन माणसं समोरून चालली होती, त्यांनी बघितलं, मला लाजसुद्धा वाटली नाही.

आबांनी माझं रडणं होऊ दिलं. मग खिशातून पावती काढून माझ्यापुढं धरली.

“वाच बाई,” म्हणाले. “सगळं बरोबर लिवलंय का बघ.”

मी वाचली. एकेक अक्षर, बोट ठेवून, मोठ्यानं. नाव. गाव. परवाना. रायफल एक. बॉडी, चार सात एक तीन. बोल्ट, चार सात एक तीन. त्यांनी मला दोन्ही नंबर परत एकदा वाचायला लावले. मी परत वाचले.

“बरोबर हाय,” आबा म्हणाले, आणि उठायला माझ्यापुढं हात केला.